पॅकिंग बदला, पण आधी गळतंय काय ते बघा

प्रश्न : नमस्कार साहेब. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, गाड्यांमधलं फार कळतं असं नाही, पण हात काळे करायची हौस आहे. आमच्याकडे २००१ ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, जुनं २.४ लिटरचं डिझेल इंजिन. सेकंडहँड घेतली आणि मागच्या सीटा काढून आत बेड, छोटा ओटा, गॅस शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं, कागदपत्रं रीतसर आहेत. पावसाळाभर गाडी दारात उभीच होती. दिवाळीनंतर गणपतीपुळ्याला निघालो तर आंबा घाटात गाडी ओढेचना, आणि आत डिझेलचा असा वास की मिसेसनी सगळा प्रवास पदर नाकाला लावून केला. घरी येऊन खाली वाकून बघितलं तर मोठ्या डिझेल पंपाच्या कुशीत जो छोटा पंप असतो, हाताने दाबायचं बटण असलेला, त्याच्या बुडाशी सगळं ओलं आणि फरशीवर बशीएवढा डाग. एक मेस्त्री म्हणतो अख्खा पंप उतरवून पंपवाल्याकडे पाठवा, दुसरा म्हणतो वरून सिलिकॉन थापतो, तिसरा म्हणतो पॅकिंग बदला, तासाभराचं काम आहे. मला तिसऱ्याचं पटतंय. घरी जमेल का? पॅकिंग कुठलं घ्यावं?

ता.क. इंजिन ऑइल मात्र कमी झालेलं नाही, उलट डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या बोटभर वरच दिसतंय. म्हणजे इंजिन ऑइल खात नाही, ते तरी बरं ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही साहेब, तेच बरं नाही. बाकी पत्र मी नंतर वाचलं असतं तरी चाललं असतं, ता.क. आधी वाचायला हवं होतं. ऑइल आपोआप वाढत नसतं. तुम्ही ओतलेलं नाही आणि तरी खुणेच्या वर गेलंय म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय, आणि तुमचं बाकीचं वर्णन बघता ते डिझेलच. तेव्हा हे उत्तर वाचून होईपर्यंत गाडी सुरू करू नका, दारातल्या दारात पुढेमागे घ्यायला सुद्धा नको.

आता हे कसं होतं ते सांगतो, म्हणजे तीनही मेस्त्री काय म्हणतायत ते तुमचं तुम्हालाच कळेल. तो छोटा पंप म्हणजे फीड पंप. त्याचं काम एवढंच की टाकीतून डिझेल ओढायचं आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाला, म्हणजे एफआयपीला, थोड्याशा दाबाने पुरवायचं. त्याला वेगळी मोटर नाही. एफआयपीच्या आत जो कॅमशाफ्ट फिरतो त्याचाच एक उंचवटा फीड पंपाच्या रोलरला ढकलतो, रोलर एका बारीक सळईला, सळई पिस्टनला, आणि पिस्टनला परत आणायला स्प्रिंग. म्हणजे ही सळई एका भिंतीतून आरपार ये-जा करते, जिच्या एका बाजूला डिझेल आहे आणि दुसऱ्या बाजूला इंजिन ऑइल, कारण तुमच्या इंजिनात एफआयपीच्या पोटातलं ऑइल हे इंजिनाचंच ऑइल असतं, तिथून ते परत खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यात उतरतं. दोघांच्या मध्ये काय, तर सळईचं घट्ट बसणं आणि एक छोटीशी ओ-रिंग, म्हणजे रबराची बारीक कडी. बस.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, जी बऱ्याच गॅरेजमध्ये पण लक्षात घेत नाहीत. फीड पंप आणि एफआयपी यांच्या मधलं जे कागदाचं पॅकिंग आहे ना, ज्याच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत, ते डिझेल अडवायला नाहीच. ते ऑइल अडवतं. पॅकिंग गेलं तर बाहेर गळेल ते ऑइल. डिझेल बाहेर गळत असेल तर ते बँजो बोल्टच्या, म्हणजे पाइप पंपाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरमधून, रबरी पाइपातून, नाहीतर हातपंपाच्या बटणाखालून. आणि सळईची ओ-रिंग गेली असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, डिझेल गुपचूप आत ऑइलमध्ये उतरत राहतं आणि डिपस्टिकवर चढतं. तुमच्याकडे माझ्या अंदाजाने असं झालंय की ओ-रिंग आधी गेली, ऑइल पातळ झालं, आणि जे म्हातारं पॅकिंग घट्ट ऑइलला कसंबसं धरून होतं त्याने पातळ ऑइलपुढे हात टेकले. म्हणून डाग पण आणि वास पण. आता नुसतं पॅकिंग बदललंत तर फरशी कोरडी होईल, तुम्ही खूश व्हाल, आणि इंजिन डिझेल मिसळलेल्या ऑइलवर पळत राहील. बेअरिंग अशानेच जातात. आणि लेव्हल फारच वाढली तर ते पातळ ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ सोडायच्या नळीतून, इंजिनच ओढायला लागतं, मग इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळतं, चावी काढून खिशात घातली तरी थांबत नाही. मी हे एकदाच पाहिलंय, एका ट्रकचं. सगळं गॅरेज रस्त्याच्या पलीकडे पळालं होतं.

खात्री कशी करायची ते सोपं आहे. डिपस्टिक काढा, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडा आणि तासभर विसरा. नुसतं ऑइल असेल तर काळा ठिपका गच्च बसतो आणि कडेला फार पसरत नाही. डिझेल असेल तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट, तेलकट कडं लांबवर पसरत जातं, भज्यांच्या कागदासारखं. शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकून ठेवा म्हणजे फरक कळेल. डिपस्टिकचा वास घ्या, वास तर येणारच. हीच युक्ती फरशीवरच्या डागासाठी पण, खाली पुठ्ठा पसरून ठेवा रात्रभर.

मग नेमकं कुठून येतंय ते शोधा. क्लीनर साईडने, म्हणजे डावीकडून, हात जातो, आतलं इंजिन कव्हर काढलंत तर दिसेलही नीट. ब्रश आणि रॉकेलने, रॉकेल नाही मिळालं तर डिझेलनेच, ती सगळी जागा धुवा, कापडाने कोरडी करा, आणि वरून साधी टाल्कम पावडर फुंकरा. मिसेसच्या डब्यातली चालेल, विचारून घ्या. पुढच्या अर्ध्या तासात हातपंपाने डिझेल दाबून ठेवलं की पावडरवर ओली रेघ कुठून सुरू होते ते स्पष्ट दिसतं, इंजिन सुरू करायची गरज नाही. हे करायलाच हवं कारण द्रव वरून खाली येतो आणि फीड पंप सगळ्यात खाली लटकलेला असतो, एफआयपीच्या डोक्यावर, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचे पाइप जिथून निघतात तिथल्या डिलिव्हरी व्हॉल्व्हमधून झिरपलेलं डिझेल पण त्याच्याच बुडाशी जमतं आणि मागे ऑइल फिल्टरचं भांडं आहे त्याचं गळलेलं ऑइल पण तिथेच येतं. बिचाऱ्या फीड पंपाच्या नावावर शेजाऱ्यांची बिलं फाटतात.

आता घरी जमेल का? जमेल. फीड पंप उतरवून त्याचं पॅकिंग आणि किट बदलणं हे हौशी माणसाच्या आवाक्यातलं आहे, एफआयपी उतरवणं नाही, कारण ती उतरवली की टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी फवारायचं ते गणित, जातं. तेव्हा पहिल्या मेस्त्रीचं ऐकायचं ते शेवटी, आधी नाही. दुकानात जाताना नुसतं पॅकिंग मागू नका, फीड पंपाचं पूर्ण किट मागा, त्यात ओ-रिंग, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, तांब्याचे वॉशर, पॅकिंग सगळं येतं आणि किट आणि पॅकिंगच्या किमतीतला फरक बघून तुमच्यासारख्या बँकवाल्यालासुद्धा घासाघीस करावीशी वाटणार नाही. ओ-रिंग व्हायटॉनची, म्हणजे डिझेलला जास्त दाद न देणाऱ्या रबराची, मिळाली तर तीच घ्या. २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडे बीएस-६ डिझेल आलं, त्यात सल्फर १० पीपीएम. डिझेलची जातकुळी बदलली की जुन्या नायट्राइल रबराच्या रिंगा आकसतात आणि गळती सुरू होते, हे डिझेल जिथे जिथे बदललं त्या देशांमध्ये दिसलेलं आहे. वीस-पंचवीस वर्षं जुनी रिंग, त्यात चार महिने गाडी उभी, म्हणजे ती वाळलेल्या कढीपत्त्यासारखी झालेली असणार.

कामाला हात घालण्याआधी गॅसचा सिलिंडर गाडीतून बाहेर. नुसता बंद नाही, बाहेर. कॅम्परमध्ये काम करताना लोक विसरतात की हे गॅरेज नाही, स्वयंपाकघर आहे. आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सुटायचं तापमान, मानकाप्रमाणे किमान ३५ अंश धरलाय, युरोपात ५५ च्या वर असतो, म्हणजे सांगलीच्या उन्हाळ्यात दुपारी आपलं डिझेल पेट घ्यायच्या वाफेच्या जवळपास असू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन थंड.

पाइप सोडायच्या आधी कुठला आत जाणारा आणि कुठला बाहेर येणारा ते दोऱ्याची गाठ मारून किंवा फोटो काढून ठेवा, उलटे जोडले तर डिझेल येणारच नाही आणि तुम्ही दिवसभर हवा काढत बसाल. सुटलेल्या पाइपाच्या तोंडात स्वच्छ बोल्ट खुपसून ठेवा. मग पंपाचे नट, आणि इथे घाई नको. आत स्प्रिंग दाबलेली असू शकते, म्हणून एक नट पूर्ण काढून मग दुसरा असं करायचं नाही, सगळे अर्धा-अर्धा आटा सोडत जायचं. पंप स्वतःहून पुढे येत असेल तर समजा कॅमचा उंचवटा त्याच्यावरच आहे. तसं असेल तर क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने थोडं फिरवा, पंप सैल पडेल, आणि हेच परत बसवताना फार उपयोगी पडतं, कारण दाबाखाली पंप बसवला की तो वाकडा बसतो आणि नट आवळताना त्याचा कान, म्हणजे नट बसतो तो कडेचा भाग, तुटतो. अॅल्युमिनियमचा कान. मग किट नाही, पंपच घ्यावा लागतो.

पंप निघाला की एफआयपीला जे भोक पडेल त्यात लगेच स्वच्छ सुती कापड कोंबा. जुनं पॅकिंग खरवडताना त्याचे तुकडे आत पडले तर ते कॅमवर जातील. खरवडायला लाकडाची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, पटाशी नको, ब्लेड तर नकोच, अॅल्युमिनियमवर एक ओरखडा उठला की तीच ऑइलची पन्हाळ. मग काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून पंपाचा सपाट चेहरा दोन-चार वेळा हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवा आणि बघा, सगळीकडे सारखी चमक आली तर तो सपाट आहे. फक्त नटांच्या जवळच चमकला आणि मधे काळा राहिला तर आधी कोणीतरी ताकद लावून कान वाकवलेत, असा पंप कितीही पॅकिंगं बदलली तरी गळणारच. अशा वेळी तसाच घासत राहून सगळीकडे चमक येईपर्यंत सपाट करायचा, मग धुवून, हवेने फुंकून, मग किट टाकायचं.

किटमध्ये पॅकिंग नसेल किंवा ते फाटलं तर पॅकिंग पेपर आणून घरी कापा. जाडी जुन्याइतकीच, जास्त जाड टाकलं तर पंप रोलरपासून लांब बसतो आणि स्ट्रोक कमी होतो, मग घाटात परत तीच रड. जुन्या पॅकिंगचा न दबलेला तुकडा कडेला सापडतो, तिथे व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावा. कापायची माझी पद्धत अशी की पंपाच्या चेहऱ्याला बोटाने काळं ऑइल लावायचं आणि पेपरवर शिक्का मारल्यासारखा ठसा उमटवायचा, आधी भोकं पाडायची, मग बाहेरची कड कात्रीने. आधी कड कापली तर भोकं पाडताना कागद फाटतो, हे मी शिकाऊ असताना चार वेळा कागद फाडून शिकलो. पेपर घेताना दुकानदाराला बिगर-अॅस्बेस्टॉस असं स्पष्ट सांगा, जुन्या दुकानातून अजून अॅस्बेस्टॉसच्या शीट निघतात, तो भुसा फुफ्फुसात जायला नको.

सिलिकॉनवाल्या मेस्त्रीला चहा पाजा आणि परत पाठवा. बाहेरून थापलेलं सिलिकॉन गळतीसमोर टिकत नाही, डिझेलने साधं सिलिकॉन फुगतं, आणि दोन्ही बाजूंना भरपूर लावून पंप आवळला तर जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं, ते मग तुटून ऑइलच्या रस्त्यात. पॅकिंग जागेवर राहावं म्हणून बोटावर येईल एवढं ग्रीस लावलंत तरी पुरे.

परत बसवताना तेच, सगळे नट आधी हाताने, मग आलटून पालटून. आठ एमएमच्या स्टडला साधारण वीस न्यूटन मीटर, सहाच्याला नऊ-दहा, टॉर्क रेंच नसेल तर छोटा पाना घ्या आणि मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही. बँजोचे तांब्याचे वॉशर नवेच टाका, आणि अडलंच तर जुना वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकला की परत मऊ होतो.

मग हवा काढणं. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे, मग एकसंध धार. धार आली की पंप मारता मारताच स्क्रू बंद करा. तसंच एफआयपीवर. मग दोन नोझलचे पाइपनट अर्धा आटा सैल करून कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा, ओलं दिसलं की आवळा. स्टार्टर एका वेळी पंधरा सेकंदाच्या वर नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. हातपंपाचं बटण आट्याचं असेल तर शेवटी फिरवून घट्ट बंद करायला विसरू नका, ते उघडं राहिलं की तिथूनच हवा. हे सगळं करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदललेलं पाहिजे, हे मी मुद्दाम इथे सांगतोय कारण लोक हवा काढली, इंजिन सुरू झालं या आनंदात जुन्याच ऑइलवर फेरी मारून येतात. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, गटारात नको.

आणि नव्या ऑइलची लेव्हल वहीत लिहून ठेवा. दोनशे किलोमीटरनंतर परत बघा, थंड इंजिन, सपाट जागा. हलली नसेल तर तुमचं काम झालं. परत चढली असेल तर डिझेल दुसरीकडून येतंय, एफआयपीच्या आतून किंवा फवारा न मारता धार सोडणाऱ्या नोझलमधून, मग मात्र पहिला मेस्त्री बरोबर होता आणि पंपवाल्याचा रस्ता धरा.

वासाचं सांगायचं राहिलं. इंजिन कव्हरच्या कडेचं रबर दबून गेलेलं असतं ते नवीन चिकटवा. खालच्या प्लायने डिझेल प्यायलं असेल तर लाकडाचा भुसा पसरून दोन दिवस ठेवा, झाडून घ्या, परत पसरा, मग साबणाचं पाणी. आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी फुल ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास गरम होईपर्यंत फिरवून आणा. मिसेसना सोबत न्या, निदान वासाचा रिपोर्ट मिळेल.

प्रश्न : दादा, आम्ही दोघं जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, हौसेने १९८६ ची मर्सिडीज २०७ डी मोटरहोम घेतलीय. फीड पंपाचं पॅकिंग आणि किट मी स्वतः बदललं, खाली एक थेंब गळत नाही, तरी रोज सकाळी पहिला स्टार्ट घ्यायला मिनिटभर किर्रकिर्र. दिवसा एकदम ओके. हातपंप मारून सुरू केली तर लगेच होते. परत चुकीचं बसवलं का मी?
— एक वाचक

उत्तर : आधी एक गंमत. वर सांगलीच्या साहेबांची गाडी आणि तुमची गाडी चुलत भावंडं आहेत. मर्सिडीजची ही व्हॅन जर्मनीत १९७७ ते १९९५ बनली आणि आपली टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ मध्ये आली ती तिच्याच आराखड्यावर, इंजिन पण तेच, ओएम ६१६. आणि टेम्पो हे नाव मुळात हॅम्बुर्गच्या कंपनीचं, जे आपण एवढं आपलंसं केलं की आता कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी दिसली की तिला टेम्पोच म्हणतो. तेव्हा वरचं सगळं उत्तर तुम्हाला पण लागू.

तुमचं पॅकिंग बरोबर बसलंय. पण गळती दोन प्रकारची असते. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं. पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला, ओढ असते, तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. थेंब नाही, डाग नाही, आणि रात्रभरात पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. हातपंप मारला की लगेच सुरू होते म्हणजे नेमकं हेच.

फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल पाइप लावा आणि सकाळी बघा, रिकामा दिसेल. मग फीड पंपाचा पाइप टाकीऐवजी एका कॅनमध्ये बुडवून एक रात्र काढा. सकाळी एका झटक्यात सुरू झाली तर दोष कॅनच्या पलीकडे, टाकी ते पंप यांच्यात. कापडाचं विणकाम असलेले ते जुने बारीक रबरी पाइप वाकवून बघा, भेगा दिसतील, सगळे बदलून टाका. युरोपच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं, डिझेलवर चालणारा हीटर बसवलाय का? मोटरहोममध्ये असतोच बहुतेक. बसवणाऱ्याने टाकीत वेगळी नळी न सोडता इंजिनाच्या पाइपालाच टी जोडून दिला असेल तर माझा पहिला संशय त्या टीवर. थंडीत हीटर रात्रभर तिथूनच डिझेल ओढतो आणि सकाळी इंजिनाच्या वाट्याला हवा. टी काढा, हीटरला टाकीतून स्वतंत्र नळी द्या.

प्रश्न : माझी कॅम्पर नवीन आहे, कॉमन रेल इंजिन. हाय प्रेशर पंपाजवळ ओलं दिसतंय. यूट्यूबवर बघून पाइप सैल करून हवा काढली तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. वरच्या जुन्या इंजिनात नोझल शंभर-सव्वाशे बारला उघडतं, तुमच्यात रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनाचा पाइप सैल केलात तर सुईसारखी धार कातडीतून आत घुसते, बाहेर फक्त टाचणी टोचल्याएवढं दिसतं, दुखतही नाही पहिल्यांदा, आणि काही तासांत बोट वाचवायचा प्रश्न उभा राहतो. असं कधी झालंच तर मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटल, आणि तिथे सांगा की प्रेशरचं डिझेल आत गेलंय. गळती हात फिरवून शोधू नका, लांब काठीला पुठ्ठा बांधून शोधा, ती पण लांबूनच. बाकी काम ज्याच्याकडे त्या पंपाची साधनं आहेत त्याचं.

प्रश्न : काका, गणपतीला गावी निघायचंय, दोन दिवस राहिलेत, फीड पंपाचं पॅकिंग फाटलं आणि आमच्या इथे ते मिळत नाहीये. जुनी मेटॅडोर आहे, मागे दोन बेड टाकलेत. तात्पुरतं काही? डिपस्टिक तपासली, लेव्हल खुणेवर आहे, वास पण नाही. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : डिपस्टिक बघून मग लिहिलंस, शाबास. पॅकिंग फक्त ऑइल अडवतंय आणि तिथे दाब नसतो, त्यामुळे गावी जाऊन येण्यापुरती सोय होते. लग्नपत्रिका घे. चकचकीत, सोनेरी छापाची नको, त्यावरचा प्लॅस्टिकचा थर उकलतो, साधी जाड खरखरीत कागदाची घे. जाडी जुन्या पॅकिंगशी ताडून बघ, कमी वाटली तर दुसरी पत्रिका शोध, दोन थर एकावर एक लावू नकोस, मधून झिरपतं. ठसा घे, आधी भोकं, मग कड, आणि बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेव. बसवल्यावर वीस किलोमीटर चालवून, गाडी थंड झाल्यावर नट अगदी हलके परत बघ. अर्धा लिटर ऑइल आणि एक पुठ्ठा सोबत ठेव, दर मुक्कामाला पुठ्ठा खाली सरकव. परत आलास की खरं पॅकिंग टाक, आणि पत्रिका लग्न होऊन गेलेलीच घे, नाहीतर घरचे माझ्या नावाने पत्र लिहितील.